कोंबडी आतून शिजली, हे ओळखायचं कसं?



थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, की रायगड जिल्ह्यात शेतावर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला दाबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. झाली का, हे बघायला जाणती माणसं मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र आवाज होऊन पाणी आटलं, की मडकं उतरवतात.

ही खूण खोटी नाही. पण ती मडकं किती तापलं एवढंच सांगते. शेंगांना ते पुरतं. कोंबडी हाडाजवळ शिजली का, हे मडकं सांगणार नाही. निखाऱ्यावर भाजतानाही तेच. जाळ मोठा असला की कातडी करपते, आणि मांडीच्या सांध्यापाशी मांस कच्चं राहतं. कच्च्या कोंबडीत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. मुरडा, जुलाब, ताप सुरू होतो. लहान पोरं आणि म्हातारी माणसं त्यानं लवकर खचतात.

मग बघायचं कुठं? मांडीचा सर्वांत जाड भाग धरा. सुरी हाडापर्यंत घाला. रस स्वच्छ यायला हवा. तंगडी पिळली तर सांधा सैल फिरला पाहिजे, आणि मांसाचे धागे सुटले पाहिजेत. आत चकचकीत, बुळबुळीत दिसलं तर अजून वेळ आहे.

नुसत्या रंगावर जाऊ नका. हळद-तिखटात कच्चेपणा झाकला जातो. उलट कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला लाल रस झिरपतो, म्हणून पुरती शिजलेली कोंबडीही हाडाशी लालसर दिसते. मऊपणाही फसवा. दह्यात किंवा कच्च्या पपईत मुरवलेलं मांस शिजण्याआधीच मऊ पडतं, तर जुना गावठी कोंबडा शिजला तरी चिवटच लागतो!

खात्रीचा उपाय म्हणजे टोकदार सळईचा थर्मामीटर. जाड मांसात खुपसा, हाडाला टेकू देऊ नका. 74 अंश सेल्सिअस दाखवला की कोंबडी झाली. दहा घरांची मिळून पोपटी होत असेल, तर वर्गणीतून एक घ्यायला हरकत नाही. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा भीतीनं पुष्कळांनी कोंबडी खाणं सोडलं होतं. तो विषाणूसुद्धा मांस सगळीकडून 70 अंशांपर्यंत तापलं की मरतो. आजारी किंवा आपोआप मेलेली कोंबडी मात्र कापूच नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मटणाच्या खिम्याचे गोळे मधोमध फोडून बघा. कुटताना बाहेरचे जंतू आत मिसळलेले असतात.

पोपटीला कोंबडीचे तुकडे लहान करा, जाड तुकड्यांना हाडापर्यंत चिरा द्या. कच्चं निघालं तर मडकं पुन्हा भरत बसू नका. पातेल्यात थोडं पाणी घालून, झाकण ठेवून चांगली उकळी आणा, मग पुन्हा सुरी घालून बघा. अर्धवट भाजून बाकीचं सकाळी भाजू, असं करू नका. आणि ज्या परातीत कच्ची कोंबडी मुरवली, तिच्यात भाजलेली काढायची असेल तर परात आधी साबणानं घासून घ्या.