अर्ध्या तासाचं उड्डाण

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेले भाषण)



अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत, पण मागून बटाटेवड्यांचा वास येतोय, म्हणजे आठच धरते.

यंदाच्या निधीतला काही भाग आपल्या गावातल्या एअर कॅडेट्सना द्यायचं ठरलं, तेव्हा पुष्कळांनी विचारलं, "म्हणजे आपली एनसीसीच ना?" जवळपास. आपली एनसीसी १९४८ ची, तिची हवाई शाखा १९५० ची. इथली एअर ट्रेनिंग कोर त्याआधीची, ५ फेब्रुवारी १९४१ रोजी स्थापन झालेली. युद्ध पेटलं होतं आणि हवाई दलाला तयार मुलं हवी होती. मुली त्यात आल्या त्या १९८० च्या दशकात. आणि एनसीसी शाळा-कॉलेजातून चालते, तर ही बहुतेक ठिकाणी गावातल्या एखाद्या साध्या हॉलमध्ये, आठवड्यातून दोन संध्याकाळी, नोकरी करून आलेल्या स्वयंसेवकांच्या जिवावर चालते.

खरं सांगायचं तर माझा विरोध होता. लेकीला बारावं संपत आलं होतं, शाळेतल्या मैत्रिणीबरोबर ती एकदा जाऊन आली आणि हट्टच धरून बसली. मी म्हटलं, गणवेश, परेड, नेमबाजी, हे कशाला आपल्याला? सैन्यात जायचं बंधन कोणावरही नसतं, हे मला नंतर कळलं. तरीही ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. वर्षभर मी त्याच बाजूला होते.

मन बदललं ते एका रविवारी. लेक जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसली होती. विमानाचं नाक मुक्कामाकडे ठेवून चालत नाही, वारा बाजूने ढकलतो, म्हणून किती अंश वाऱ्याकडे वळवायचं ते त्रिकोण काढून ठरवायचं, असं ती मला समजावत होती. मला एकदम आजोळची खाडी आठवली. भरतीच्या वेळी आमचा तरीवाला होडीचं नाक समोरच्या धक्क्यावर कधीच धरत नसे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरी, आणि होडी बरोबर धक्क्याला लागे. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "आई, अगं हेच तर!" मराठी शाळेत दर शनिवारी कंटाळणारी ही मुलगी त्या दिवशी 'तर', 'सुकाणू', 'वल्हं' असे शब्द स्वतःहून विचारून घेत होती.

मग तिचं पहिलं उड्डाण. ग्रोब ट्यूटर नावाचं दोन माणसांचं छोटं विमान, अंगावर पॅराशूट, शेजारी हवाई दलाचा वैमानिक. अर्धा तास, फार तर. वर गेल्यावर तो म्हणतो, "यू हॅव कंट्रोल," आणि तेरा वर्षांच्या मुलीने उत्तर द्यायचं, "आय हॅव कंट्रोल." घरी आल्यावर तिने दोन दिवस दुसरं काही बोलू दिलं नाही. फोनवर आजीला तिचंच नाव अल्फा-ब्राव्हो करत सांगून झालं. दर वेळी आकाश मिळतंच असं मात्र नाही. हवा बिघडली की बसमधून तसंच परत. २०१४ च्या एप्रिलमध्ये तर उड्डाणयोग्यतेच्या प्रश्नावरून कॅडेट्सची सगळी ग्लायडर्स जमिनीवर ठेवली गेली होती. सुरक्षिततेसाठी ते बरोबरच होतं, पण काही मुलांचं वय त्या वाट पाहण्यात निघून गेलं.

आता पैशाचं. उड्डाण फुकट असतं, गणवेशही मिळतो. पण महिन्याची वर्गणी, बूट, शिबिराची फी, मिनीबसचं पेट्रोल हे गावातल्या समितीने आणि पालकांनी बघायचं. त्या समितीत हिशेबाची वही माझ्याकडे आली.

गेल्या वर्षी उन्हाळी शिबिराच्या यादीत एका मुलाचे पैसे यायचे राहिले होते. नकाशावाचनात हा मुलगा सगळ्यांच्या पुढे. मी त्याच्या आईला एक स्मरणपत्र पाठवलं. मग दुसरं, जरा कडक. मंगळवारी तो आला नाही, शुक्रवारीही नाही. पुढे कळलं की आई रात्रपाळी करते, घरी तीन मुलं आहेत, आणि त्याने तिला सांगून टाकलं होतं की मला कंटाळा आलाय, मी जाणार नाही. त्याला कंटाळा आला नव्हता, मंडळी. मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली, फी माफ आहे म्हणून सांगितलं. तो अतिशय नम्रपणे "नो, थँक यू" म्हणाला. पुन्हा आला नाही.

म्हणून आज जमणारी रक्कम मिनीबसला जाणार नाही, ती वेगळी ठेवायची आहे. शिबिराचं पत्रक घरी जाईल तेव्हाच त्यावर लिहिलेलं असेल की अडचण असेल तर या चौकोनात खूण करा. कारण विचारायचं नाही, यादी वाचायची नाही, आणि खूण कुणी केली ते फक्त एका माणसाला माहीत असेल. तो माणूस मी नसावं, असं मीच समितीला सांगितलंय.

दाराशी दोन पेट्या आहेत, आणि निळ्या गणवेशातली चार मुलं चहा देतायत, त्यांना जरूर प्रश्न विचारा. इथे कर भरणाऱ्यांनी गिफ्ट एडचा फॉर्म तेवढा भरा. मंडळ नोंदणीकृत चॅरिटी असल्याने तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. पेनं टेबलावर ठेवली आहेत, कृपया परत ठेवा. दिवाळीच्या कार्यक्रमात अकरा गेली.