छपरावरील शेवाळ

मृगाच्या पहिल्या सरी पडून पंधरा दिवस लोटले, कीं कोंकणांतील कौलारू घराच्या उत्तरेकडील पाख्यावर हिरवट झांक दिसूं लागते. श्रावणापर्यंत त्या झांकेचा गालिचा होतो. दुरून पाहणाऱ्यास तो रमणीय वाटतो. सुट्टींत मुंबईहून आलेला पाहुणा त्याचें छायाचित्रहि घेतो. परंतु त्याच घराच्या माजघरांत कोपऱ्यांत एक घमेलें मांडून ठेवलेलें असतें व त्यांत वरून थेंब थेंब पाणी पडत असतें. मग एखाद्या उघडिपीच्या दुपारीं घरधनी शिडी लावतो, हातांत खुरपें घेतो, आणि दहा मिनिटांचें काम म्हणून छपरावर चढतो. आजच्या व्याख्यानाचा विषय तीं दहा मिनिटें हाच आहे.

ओल्या शेवाळावर पाय ठरत नाहीं हें लहान मुलासहि ठाऊक असतें. विहिरीच्या पायऱ्यांवर जो माणूस जपून पाऊल टाकतो, तोच छपरावर मात्र निर्धास्त चढतो, याचें कारण घर त्याच्या रोजच्या ओळखीचें असतें. पण खालून ओळखीचें असलेलें छप्पर वरून परकें असतें. माजघरांत उजेड यावा म्हणून वडिलांनीं बसविलेलें काचेचें कौल शेवाळानें झांकलें गेलें, म्हणजे तें शेजारच्या कौलांसारखेंच दिसतें. त्यावर पाय पडला कीं पुढें काय होतें, तें सांगावयास नको.

शेवाळ या एका शब्दांत मराठी भाषेनें बऱ्याच निरनिराळ्या वनस्पति कोंबल्या आहेत. गच्चीवर किंवा मोरीपाशीं जो बुळबुळीत थर चढतो तो शैवलांचा. जुन्या कौलांवर व दगडांवर ज्या राखी रंगाच्या कोरड्या चकत्या दिसतात, त्या दगडफुलाच्या जातीच्या. गृहिणी गोड्या मसाल्यांत जें दगडफूल घालते तें याच कुळांतलें. आणि कौलांच्या खांचेंत जी मखमलीसारखी गादी वाढते, तिला वनस्पतिशास्त्रांत हरिता असें गोड नांव आहे. घरधन्याचें खरें भांडण या हरितेशीं आहे.

हरितेला खरीं मुळें नसतात. केसासारख्या तंतूंनीं ती कौलाला चिकटून राहते, आणि पाणी मात्र सर्वांगानें शोषून घेते. तिला माती लागत नाहीं; ओल, सांवली आणि थोडी धूळ एवढ्यावर तिचा संसार चालतो. चैत्र-वैशाखांत ती वाळून तपकिरी होते व मेलीसें वाटतें; पण ती मेलेली नसते. पावसाचें पाणी लागतांच थोड्या वेळांत ती पुन्हां हिरवी होते. तिचे बीजाणु धुळीइतके सूक्ष्म असून वाऱ्याबरोबर कोठेंहि जाऊन पडतात. म्हणून एकदां खरवडलें म्हणजे कायमची सुटका झाली, असें कधींच होत नाहीं. रत्नागिरीस वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पुण्यास ७०० च्या आसपास. पुण्याच्या घरांतला उपाय कोंकणांतल्या घरास पुरा पडेल, ही अपेक्षा त्यामुळेंच व्यर्थ आहे.

येथें हरितेची बाजूहि थोडी मांडली पाहिजे. ती भाजलेलें कौल खात नाहीं. युरोपांत थंडीच्या दिवसांत कौलांत मुरलेलें पाणी गोठून फुगतें आणि कौल तडकतें. कोंकणांत ती भीति नाहीं. पातळ हिरवा थर असेल, घर गळत नसेल, पाणी सरळ वाहून जात असेल, तर तें छप्पर तसेंच सोडून देण्यांत कांहीं बिघडत नाहीं. केवळ शेजाऱ्याचें छप्पर लाल दिसतें म्हणून जिवावरचें काम अंगावर घेणें हें शहाणपण नव्हे.

खरें नुकसान सुरू होतें तें गादी जाड झाल्यावर. मंगळुरी कौलाच्या अंगावर पाणी वाहून जाण्यासाठीं ज्या पन्हळी असतात त्या भरून जातात, पाणी तुंबतें आणि दोन कौलांच्या सांध्यांतून मागें फिरून आंत उतरतें. खालच्या रिपा कायमच्या ओल्या राहतात व कुजतात. गादींत आंब्या-फणसाचा पालापाचोळा अडकतो, त्यावर गवत उगवतें, आणि पक्ष्याच्या विष्ठेंतून पडलेलें पिंपळाचें बीज तेथें रुजलें, म्हणजे शेवाळाचा प्रश्न भिंतीचा प्रश्न होऊन बसतो.

मंगळुरी कौलांचा एक मोठा गुण आजच्या घरधन्यास विसरल्यासारखा झाला आहे. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला आणि पुढें पश्चिम किनाऱ्यावर या कौलांचा प्रसार झाला. कुंभाराच्या नळीच्या कौलांपेक्षां हीं एकसारखीं व टिकाऊ. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं तीं रिपांवर नुसतीं अडकविलेलीं असतात. बहुधा खिळा नाहीं, चुना नाहीं. दोन-तीन किलो वजनाचें कौल एका माणसास हातानें उचलतां येतें. जुन्या पिढींत दर उन्हाळ्यांत घर शाकारीत, तेव्हां कौलें उतरवून, झाडून, फुटकीं निवडून पुन्हां बसवीत. शेवाळ काढण्याची ती एक वेगळी युक्ति आहे, असें त्यांना कधीं वाटलेंहि नाहीं. आज शाकारणी करणारीं माणसें मिळत नाहींत अशी तक्रार ऐकूं येते, व ती खोटी नाहीं. पण त्यावर तोड म्हणून निसरड्या पाख्यावर बसून खरवडणें हा अधिक स्वस्त मार्ग नव्हे. माणसानें ओल्या कौलाकडे जाण्याऐवजीं कोरडें कौल माणसाकडे आणावें, हीच यांतली खरी सुरक्षितता.

त्यासाठीं काळ निवडावा लागतो. भर पावसांत गळती लागली, तर आंतून पाहावें. जेथें तक्तपोशी नाहीं, तेथें घरांत पक्की घोडी मांडून तिच्यावरून गळकें कौल आंतून किंचित् उचलून सारखें करतां येतें किंवा बदलतां येतें. तेवढ्यावर पावसाळा काढावा. बाकीचें काम छप्पर पूर्ण वाळल्यावर, म्हणजे मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत केव्हांहि करावें, पण वळवाच्या सरी येण्यापूर्वीं संपवावें.

कौलें वळचणीकडून नव्हे, तर आढ्याकडून उतरवीत यावें, कारण वरचें कौल खालच्यावर चढलेलें असतें. उघडलेल्या जागेंत पाय वाशावर ठेवतां येतो; रिपेवर कधींहि ठेवूं नये, आणि वाशावरहि तो टोचून पाहिल्याखेरीज नको. कुजलेला वासा वरून धडधाकट दिसतो. कौलें हातोहात खालीं द्यावींत. अंगणांत नारळाच्या सोडणानें किंवा ताठ केसांच्या ब्रशानें तीं घांसावींत, दोन दिवस उन्हांत टाकावींत. तारेचा ब्रश नको. त्यानें कौलाचा गुळगुळीत पृष्ठभाग खरबरीत होतो व पुढच्या वर्षीं हरितेला तेथें अधिक चांगली पकड मिळते. अलीकडे जोरदार फवाऱ्याचें यंत्र भाड्यानें मिळतें. तें अंगणाच्या फरशीस ठीक. छपरावर मारलेला फवारा पाणी सांध्यांतून उलट आंत घालतो.

सगळें छप्पर उतरविणें शक्य नसेल तेथें औषधाचा विचार येतो. त्यांत घरगुती उपाय ब्लीचिंग पावडरीचा. दहा लिटर पाण्यांत सुमारें अर्धा किलो ताजी पूड प्लास्टिकच्या बादलींत कालवावी, चुना तळाशीं बसूं द्यावा आणि वरचें निवळ पाणी घ्यावें. वारा पडलेल्या, पाऊस नसलेल्या दिवशीं तें लांब दांड्याच्या पंपानें खालूनच फवारावें आणि पंधरा-वीस मिनिटांनीं साध्या पाण्यानें धुवावें. आंब्यावर औषध मारण्याचा पंप यासाठीं वापरूं नये. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे हवेत. खालच्या तुळशीला व अबोलीला आधीं आणि मागाहून भरपूर पाणी घालावें. फवारलेलें शेवाळ पांढुरकें पडतें. लगेच खरवडण्याची घाई न करतां तें वाळून सुटूं द्यावें.

या पाण्यांत दुसरें कांहींहि मिसळूं नये. न्हाणीघर धुण्यासाठीं ठेवलेलें ॲसिड त्यांत पडलें, कीं क्लोरीन वायु निघतो. तो फुप्फुसें जाळतो. "दोन औषधें मिळून अधिक काम होईल" ही समजूत सुशिक्षित घरांतहि आढळते, म्हणून हें स्पष्ट सांगितलेलें बरें.

मोरचुदाचा उपायहि पुष्कळ सुचवितात. मोरचुदानें शेवाळ मरतें हें खरें. परंतु तें पाणी जस्ताच्या पत्र्याच्या पन्हळावर आलें तर पत्रा खातें, आणि खालच्या डबक्यांत उतरलें तर मासे मारतें. जेथें छपराचें पाणी विहिरींत किंवा टाकींत सोडलें आहे, तेथें तें वर्ज्यच समजावें. परदेशांत आढ्याशीं तांब्याची किंवा जस्ताची पट्टी बसवितात. तिच्यावरून येणारें पावसाचें पाणी शेवाळ वाढूं देत नाहीं. उपाय चांगला, पण पिण्याचें पाणी छपरावरून घेणाऱ्या घरास तोच आक्षेप येथेंहि लागू आहे. त्यापेक्षां पाख्यावर ओणवलेल्या फांद्या उतरवून ऊन आंत येऊं देणें हें स्वस्त व निर्धोक औषध होय.

आतां शिडीविषयीं. चार हात उंचीस एक हात या मानानें शिडीचा पाय भिंतीपासून दूर असावा, तिचें टोक वळचणीच्या हातभर तरी वर यावें, आणि खालीं धरणारा माणूस असावा. तो विडी ओढावयास गेला तर वरच्यानें काम थांबवावें. घरांत येणारी विजेची तार बहुधा वळचणीजवळूनच येते. आंतला मुख्य खटका बंद केला म्हणजे सगळें निर्जीव झालें असें घरोघर मानतात; तें चूक आहे. खांबापासून मीटरपर्यंतची तार खटका बंद असतांहि जिवंत असते. तिच्याजवळ अल्युमिनियमची शिडी नको, ओला बांबूहि नको.

हें सर्व बहुतेक घरांत घरधनी स्वतः करणार नाहीं. तो माणूस बोलावील. मजुरी ठरवितांना घासाघीस होते, परंतु वर चढणाऱ्याच्या कमरेला दोर आहे कीं नाहीं हें सहसा कोणी पाहत नाहीं. "त्याला संवय आहे" एवढें म्हणून विषय संपतो. संवय पडण्यापासून वांचवीत नाहीं. उलट संवयीचा माणूसच दोर टाळतो. आणि नुसत्या कमरेचा दोरहि पुरेसा नव्हे, कारण झटक्यानें लोंबकळल्यास तो बरगड्या व पोट चेपतो. खांद्यांवरून आणि मांड्यांभोवतीं घालावयाचा पट्टा आतां बाजारांत मिळतो, आणि त्याचा दोर आढ्यावरून पलीकडे नेऊन एखाद्या भक्कम झाडास बांधतां येतो. तो पट्टा घरधन्यानें स्वतः आणून द्यावा आणि तो घातल्याखेरीज काम सुरू होऊं देऊं नये. जो माणूस सायंकाळीं आपल्या मुलांकडे परत जावयाचा आहे, त्याची जबाबदारी तो त्या छपरावर असेपर्यंत घरधन्याची आहे.

सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांची गोष्ट निराळी. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टस असतें. ते वजनाखालीं एकदम फुटतात, आणि कोरडे घांसल्यास त्यांचे सूक्ष्म तंतु हवेंत मिसळून श्वासावाटे आंत जातात. ॲस्बेस्टसनें कर्करोग होतो हें आतां निर्विवाद आहे. अशा पत्र्यावरचें शेवाळ घांसूंच नये.

शहरांतील गच्चीवर पडण्याची उंची नसते असें वाटतें. पण ओल्या गच्चीवर वाळवण काढावयास धांवलेल्या वृद्ध स्त्रीचें खुब्याचें हाड मोडावयास उंची लागत नाहीं. गच्चीवर बुळबुळ होते ती पाणी सांचतें म्हणून. आधीं जाळीचें तोंड मोकळें करावें, कोब्याचा उतार नीट करून घ्यावा, आणि मग ब्लीचिंगचें पाणी व खराटा. ॲसिड येथेंहि नको. तें शेवाळाबरोबर सिमेंटहि खातें.

कौलें पुन्हां बसविल्यावर आढ्याचे कोने नीट बसले आहेत कीं नाहीं हें पाहावें, काचेचें कौल पुसून त्याची जागा आंतून वाशावर खडूनें खूण करून ठेवावी. छपराचें पाणी टाकींत घेणाऱ्या घरानें पन्हळाचें तोंड काम सुरू होण्यापूर्वींच बाहेर वळवावें. मृगाच्या पहिल्या दोन-तीन जोरदार सरी तशाच अंगणांतून वाहून जाऊं द्याव्या. पाण्याचा रंग आणि वास गेला, म्हणजे मग पन्हळ पुन्हां टाकीकडे फिरवावा.