समतोल आणि कसोटी
(उत्सवात केलेले छोटेखानी भाषण)



टीव्हीवर एका बाजूला शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला ज्योतिषी. दोघांना सारखा वेळ दिला की चर्चा समतोल झाली म्हणतात. पण आपल्या पुरानी बस्तीतही पत्रिकेवरून स्थळे मोडतात, म्हणून हा प्रश्न घरचाच.

डॉ. जयंत नारळीकरांनी २००८ साली ज्योतिषांची टिंगल न करता त्यांना चाचणीला बोलावले. २७ जणांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद, एवढेच सांगायचे होते. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले तरी निम्मी जुळतात!

रेल्वेत पुलाची ताकद आम्ही मतदानाने ठरवत नाही. दोन्ही बाजूंना कसोटी एकच असावी, आणि निकाल मनाविरुद्ध गेला तरी मानावा. बुद्धिदात्याकडे एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!