रोजमजुरीचा पैसा कां टिकत नाहीं?
(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामांत दिलेलें भाषण)



मजुराच्या हातीं पैसा टिकत नाहीं, असें आपण वारंवार ऐकतों. त्याला उद्यांची फिकीर नाहीं, असा ठपका ठेवून आपण मोकळे होतों. हा ठपका कितपत न्याय्य आहे, याचा आज थोडा विचार करूं.

पगारदाराचा महिना ठरलेला असतो. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याचा किंवा आपल्या वाडींत खुरपणीस येणाऱ्या बाईचा दिवसही ठरलेला नसतो. आज काम, उद्यां खाडा. पावसानें झोड उठविली कीं बांधकाम बंद. पांच दिवसांच्या मजुरींत सात दिवस चूल पेटवावी लागते. म्हणून शिल्लक किती पडेल, हें मजुरीच्या रकमेइतकेंच तिच्या नियमितपणावर अवलंबून असतें.

त्यांत दुखणें आलें कीं मुकादमाकडून उचल घ्यावी लागते, नाहींतर सावकाराचें दार गांठावें लागतें. महिन्याला शेंकडा ५ हा दर ऐकावयास लहान वाटतो. परंतु वर्षाला तो शेंकडा ६० होतो! पुढची मजुरी प्रथम व्याजांत जाते. ज्या लहानशा शिलकीमुळें असें कर्ज टळतें, तिचें मोल बँकेच्या व्याजानें मोजतां येणार नाहीं.

दुसरी अडचण घरांतच आहे. डब्यांतली नोट सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. शेजाऱ्याची नड, भाच्याचें लग्न, वाटेवरचा गुत्ता, सारेच तिच्यावर हक्क सांगतात. बँकेंत ठेवावी, तर बँक कामाच्या वेळींच उघडी. पन्नास रुपये भरण्यासाठीं अर्ध्या दिवसाची मजुरी कोण बुडविणार?

या अडचणींवर ज्यांनीं तोड काढली, त्यांनीं उपदेशापेक्षां सोय केली. १९२८ सालीं उडुपी येथें डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेनें घरोघर माणसें धाडून रोज दोन आण्यांची पिग्मी ठेव गोळा करण्यास आरंभ केला. बँक मजुराच्या दाराशीं आली, आणि ती रोज आली. आपल्याकडची भिशी टिकते तीही अशाच बंधनामुळें: पाळी चुकली तर चार मैत्रिणींत मान खालीं जाते.

फिलिपीन्स देशांतील मिंडानाव बेटावरचा एक प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. ठरविलेली तारीख किंवा रक्कम येईपर्यंत पैसे काढतां येऊं नयेत, असें खातें एका बँकेनें आपल्या कांहीं खातेदारांपुढें ठेवलें. त्यावर व्याज अधिक नव्हतें. तरी दर १०० मध्यें २८ जणांनीं तें पत्करलें. ज्यांना तें देऊं केलें होतें, त्यांची शिल्लक वर्षभरांत इतरांहून पुष्कळच वाढली. मनुष्य आपल्या पैशाला आपण होऊन कुलूप मागतो, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

मात्र किल्ली कोणाच्या हातीं, हें पाहिलेंच पाहिजे. बँक बुडाल्यास, मग ती सहकारी कां असेना, ठेवीदाराला ५ लक्ष रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण २०२० पासून आहे. पतपेढीला व भिशीला तें नाहीं. एकदां फसलेला मजूर पुन्हां ठेव ठेवण्यास धजत नाहीं.

पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालच्या परिपत्रकांत असें शिकविलें कीं, कामगाराला कुटुंबाचा नीट निर्वाह होईल इतकें वेतन मिळालें, तर काटकसरीनें तो थोडें शिल्लकही टाकूं शकेल. म्हणजे पुरेशी मजुरी आधीं, काटकसर मागाहून. आपल्या वसईंत १९१८ सालीं कॅथॉलिक सहकारी पतसंस्था निघाली व तिचीच पुढें बँक झाली. त्या कामाचा वारसा आपल्याकडे आहे.

तेव्हां ज्यांच्या घरीं वा वाडींत मजूर राबतात, त्यांनीं तीन गोष्टी कराव्या. मजुरी ठरल्या वेळीं, पुरती द्यावी. कामावरच्या बाईचें खातें तिच्याच नांवें उघडून देण्यास मदत करावी. आणि दैनिक ठेव घेणारा बँकेचा प्रतिनिधी रविवारीं मिस्सेनंतर देवळाच्या आवारांत बसेल, अशी व्यवस्था धर्मग्रामानें करावी.

मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी, अशी आज्ञा जुन्या करारांत आहे. त्याला उधळ्या म्हणण्यापूर्वीं ती आपण पाळली कीं नाहीं, हें प्रत्येकानें आपल्या मनाला विचारावें.