‘मी’ आणि ‘हुं’

नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर स्थानकाच्या फलाटावरून १९६० सालीं आखलेली राज्यसीमा जाते. तेथें एक उतारू स्वतःस ‘मी’ म्हणतो, शेजारचा गुजराती ‘हुं’. दोन्ही शब्द एकाच कुळांतले खरे. पण मूळ एक नव्हे.

संस्कृतांत कर्ता ‘अहम्’, मात्र ‘माम्’, ‘मया’, ‘मम’ हीं रूपें ‘म’पासूनचीं. ही दुहेरी मांडणी वेदांहूनही जुनी. पारशांच्या अवेस्तेंत ‘अहम्’ला ‘अज़ेम्’ म्हणतात, आणि दारियस राजाच्या बेहिस्तून येथील शिलालेखाचा पहिलाच शब्द ‘अदम्’ असा आहे. श्रोत्यांनीं हीं दोन घराणीं ध्यानांत ठेवावींत.

‘हुं’ हा ‘अहम्’चा वंशज. मराठीनें ‘अहम्’ टाकून ‘मया’ला कर्त्याच्या आसनावर बसविलें. भूतकाळीं ‘मया कृतम्’ अशी रचना रूढ झाली. ‘मया’ प्राकृतांत ‘मए’, ‘मइ’ असा झिजला आणि पुढें इतर काळांतही शिरला. ‘रामानें केलें’ म्हणणारा मराठी माणूस ‘मीनें केलें’ म्हणत नाहीं. मुलांस हा अपवाद म्हणून घोकावयास लावतात. वस्तुतः ‘मी’च्या पोटांत तृतीया आधींचीच आहे. गुजरातींत ‘हुं आव्यो’, परंतु ‘में कर्युं’: तेथें दोन्ही घराणीं अद्याप नांदतात.

याच भागांतील अहिराणींत ‘माझा’ला ‘मना’ म्हणतात. प्राचीन इराणींतही ‘मना’ म्हणजे ‘माझें’! परंतु या साम्यास कोणी भुलूं नये. अहिराणींतील ‘ना’ हा निव्वळ षष्ठीचा प्रत्यय असून ‘रामना’, ‘गावना’ यांतही तोच आहे.