गोळी तीच, दुखणं वेगळं

(न्यू जर्सीतल्या मराठी स्नेहमेळाव्यात दिलेलं व्याख्यान)



बोरिवली पश्चिमेला आमचं औषधाचं दुकान आहे. भाद्रपद तोंडावर आला की संध्याकाळच्या गर्दीत एक वाक्य हमखास कानावर येतं, तेही आवाज खाली करून: "ती पुढे ढकलायची गोळी द्या ना." गणपती, गौरी, सत्यनारायण, दिराचं लग्न, निमित्त काहीही असो, पाळी लांबवायची गोळी एकच. नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. प्रिमोल्यूट एन या नावानं ती घरोघरी माहीत आहे. पट्टीवर उभी लाल रेघ असते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची, असं छापलेलं असतं. तरीही ती चिठ्ठीशिवाय मागितली जाते आणि पुष्कळ ठिकाणी मिळतेही. मी देत नाही. मग "एवढ्याशा गोळीला कसली आलीय चिठ्ठी?" म्हणत बाई पुढचं दुकान गाठते.

आज याच गोळीबद्दल बोलायचं आहे, कारण ती एंडोमेट्रिओसिसवरचं औषधही आहे. एका बाईला डॉक्टरांनी ती सहा महिने लिहून दिलेली असते आणि तिची जाऊ तीच गोळी पाच दिवसांसाठी परस्पर घेते. दोघींच्या शरीरात ती सारखंच काम करते, फक्त एकीला तिच्या डॉक्टरांनी आधी चार प्रश्न विचारलेले असतात.

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं: अंडाशयावर, आतड्यावर, ओटीपोटाच्या पडद्यावर. महिन्याच्या हार्मोनच्या चढउतारांबरोबर तेही सुजतं, रक्त साचतं, अवयव एकमेकांना चिकटतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'चॉकलेट सिस्ट' लिहिलेलं असतं ती अंडाशयात साचलेल्या जुन्या रक्ताची गाठ. हे अस्तर गर्भाशयाच्या स्नायूतच शिरलं तर त्याला अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना, हा आजार आहे. मुळापासून बरा करणारं औषध नाही. गोळ्या त्याला दाबून ठेवतात, आणि त्यानंही बाईचं आयुष्य पुष्कळ सावरतं.

अंधेरीला नोकरीला जाणारी एक मुलगी आमच्याकडून दर महिन्याला पाळीच्या दुखण्यावरच्या मेफ्टल स्पासची एक पट्टी न्यायची. पुढे दोन न्यायला लागली. एकदा काउंटरला धरून उभी होती, चेहरा पांढराफटक. म्हणाली, "काकू, लोकलमध्ये उभंच राहवत नाही." आई शेजारीच होती. "आमच्याकडे सगळ्यांनाच दुखतं," ती म्हणाली. हे वाक्य आजवर किती मुलींच्या निदानाच्या आड आलं असेल! मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पूर्वी दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. आता लक्षणं आणि सोनोग्राफी पाहूनही औषध सुरू करतात. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. तिला डायनोजेस्ट हे हार्मोनचं औषध सुरू झालं. २ मिलिग्रॅमची गोळी, रोज एक, ठरलेल्या वेळी, मध्ये खंड नाही.

आईचा पहिला प्रश्न होता, उपवासाला चालते का? चालते. जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, फरक पडत नाही. गोळी घेतल्यावर तीन-चार तासांत उलटी झाली तर मात्र आणखी एक घ्यावी लागते. दुसरा प्रश्न कुजबुजत आला: पुढे मूल होईल ना? होतं. गोळी बंद केल्यावर बहुधा दोनेक महिन्यांत पाळी परत सुरू होते. पण मूल हवं असेल त्या काळात ही गोळी घ्यायची नसते. आणि ती चालू आहे म्हणजे गर्भनिरोधन झालं असंही धरायचं नाही. त्यासाठी निरोध वापरावा.

दोन महिन्यांनी मुलगी वैतागून आली. अधूनमधून डाग जात होते आणि तिला गोळी सोडायची होती. हे सुरुवातीच्या महिन्यांत होतंच, बहुतेकींचं हळूहळू कमी होतं. नेमकं हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून चांगली लागू पडणारी गोळी अर्ध्यावर सुटते. मन सारखं खिन्न राहायला लागलं तर मात्र वाट पाहू नका, डॉक्टरांना सांगा. पूर्वी नैराश्य येऊन गेलेलं असेल तर ते सुरुवातीलाच सांगा.

आता तुमच्या बॅगांकडे येते. मुलुंडहून आई येते तेव्हा भाजणीच्या शेजारी वर्षभराच्या गोळ्याही येतात. फक्त डायनोजेस्ट असलेली गोळी भारतात आणि युरोपात सर्रास लिहून देतात, अमेरिकेत या आजारासाठी ती मंजूर नाही. इथे डायनोजेस्ट मिळतं ते एस्ट्रोजेनबरोबर, गर्भनिरोधक गोळीत, आणि ते औषध वेगळं. नॉरएथिस्टेरॉनला इथे नॉरएथिंड्रोन म्हणतात. त्याची गर्भनिरोधक 'मिनी-पिल' ०.३५ मिलिग्रॅमची असते. आपली पट्टी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे चौदापट. नावाचं साम्य पाहून एकीच्या जागी दुसरी घेऊ नका. इथल्या डॉक्टरांना ब्रँडचं नाव सांगून उपयोग नाही. औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि कधीपासून, हे लिहून पट्टीसकट दाखवा. इथे याच आजारासाठी एलागोलिक्स किंवा रेलुगोलिक्स असलेली गोळी सुचवली गेली तर ती किती महिने चालणार ते विचारा. हाडं विरळ होत असल्यानं त्यांना मुदतीची मर्यादा आहे.

सर्वांत काळजी वाटते ती विमानाची. गणपतीला मुंबईला जायचं, तारीख आड येते, म्हणून मैत्रिणीनं सांगितलेली गोळी दिवसातून तीनदा सुरू करायची आणि पंधरा-सोळा तास खुर्चीत बसायचं. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात एथिनिल एस्ट्राडिओलमध्ये, म्हणजे गर्भनिरोधक गोळीतल्या एस्ट्रोजेनमध्ये, बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम पोटात गेलं तर तो परिणाम साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम एस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळीएवढा धरतात. म्हणून स्वतःला किंवा घरात कोणाला शिरेत रक्ताची गाठ झालेली असेल, डोळ्यांपुढे लखलखाट होऊन अर्धशिशी उठत असेल, सिगारेट असेल, वजन फार असेल, तर ही गोळी परस्पर घेणं धोक्याचं आहे. यकृताचा गंभीर आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, स्तनाचा कर्करोग, गरोदरपण यांत तर नकोच. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी दम लागला, छातीत कळ आली, डोकं भयंकर ठणकून दिसेनासं झालं, तर सकाळची वाट पाहायची नाही. ९११ फिरवा आणि गोळीचं नाव सांगा.

दुसरी औषधंही लपवू नका. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या या हार्मोनचा असर कमी करतात. इथे दुकानात सहज मिळणारं सेंट जॉन्स वर्टही तेच करतं, आणि वनस्पती म्हणून त्याचा उल्लेख करायचं कोणाला सुचत नाही.

शेवटी शाळकरी मुलींबद्दल. "एवढ्या लहान वयात हार्मोन?" ही आईची धास्ती मला समजते. १२ ते १८ वयाच्या मुलींना वर्षभर डायनोजेस्ट दिलेल्या अभ्यासात कण्याच्या हाडांची घनता सरासरी १.२ टक्के घटली आणि गोळी थांबवल्यावर ती काही अंशी भरून आली. म्हणून या वयात गोळी द्यायची ती हाडांकडे लक्ष ठेवून, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहून. पण दर महिन्याला मुलगी दोन दिवस शाळा बुडवून गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून राहत असेल, तर औषध न देण्यातही तिचं नुकसान आहेच. डॉक्टरांकडे जाताना पाळीच्या तारखा, दुखणं कधी सुरू होतं, उलटी होते का, शौचाला किंवा लघवीला दुखतं का, हे तिला स्वतःच्या हातानं लिहू द्या. आणि थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा. सिगारेट, मित्र, मनातली उदासी यांबद्दलचे प्रश्न डॉक्टर तेव्हाच विचारतात, आणि त्यांच्या उत्तरांवरूनच तिला कोणती गोळी चालेल ते ठरतं.