कुकडीकाठची राख

गाळ म्हटला की आपल्याला धरणात साठलेला, नाहीतर पुराने घरात आणून टाकलेला गाळ आठवतो. मला आठवते ती जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकजवळची कुकडी नदीची दरड.

पहिल्यांदा विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो, तेव्हा एकाने विचारले, "सर, इथे चुना कुणी टाकला?" तपकिरी मातीत खरोखरच पांढुरका पट्टा होता. बोटांत चोळला तर पिठासारखा, पण किंचित कचकचणारा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काचेच्या बारीक कपच्या दिसतात. ती ज्वालामुखीची राख आहे! आपला काळा पत्थरही ज्वालामुखीचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख मात्र सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, तीन हजारांहून अधिक किलोमीटर वाऱ्यावर आलेली.

या राखेच्या सोबतीने गाळात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या, आणि वाद सुरू झाला. १९८९ मध्ये राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे इतरांनी काचेची रासायनिक घडण तपासून ती टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. काहींच्या मते ती टोबाच्याच, पण जवळजवळ ८ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे. माणूस इथे केव्हापासून वावरतो, याचे उत्तर त्यावर बरेचसे अवलंबून!

बरे, राखेचे वय कळले म्हणून हत्यारांचे कळले, असेही नाही. डोंगरउतारावर पडलेली राख पावसाने धुऊन नदीत येते, नदी ती पुन्हा दुसरीकडे नेऊन टाकते. जुनी हत्यारेही अशीच वाहत येऊन नव्या थरात बसतात. म्हणून आम्ही आधी कुऱ्हाडीची धार पाहतो. कडा झिजून गोल झाल्या असतील तर ती दुरून लोळत आलेली. धार शाबूत असेल तर फारशी हललेली नाही. मला स्वतःला हे धार पाहणे वयाच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे वाटते.

त्या दिवशी परतताना त्याच मुलाने खिशातून एक दगड काढला. दोन्ही बाजूंनी घडवलेला, धारदार. मी हरखलो.

"कुठल्या थरातून काढलास? राखेच्या वर की खाली?"

त्याने दरडीकडे नुसता हात फिरवला. "तिथूनच कुठूनतरी, सर."

चूक माझी होती. दगडाला हात लावण्याआधी जागा टिपून ठेवायची, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते.